एक दहाची बैठक

जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तिथून हे सुरू झालं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी एका कलचाचणी केंद्रात काम करते. शाळा संपत आलेली मुलं आमच्याकडे येतात, संगणकासमोर दोन तास बसतात, आकृत्या जुळवतात, गाळलेले आकडे शोधतात, स्वभावाच्या दीडशे प्रश्नांना उत्तरं देतात. मग छपाईयंत्रातून एक अहवाल बाहेर पडतो: या मुलाने पुढे काय करावं. तो समजावून सांगायचं काम मॅडमचं. त्या समुपदेशक, केंद्रही त्यांचंच. माझं काम त्याच्या आधीचं. मुलांचे मोबाइल ट्रेमध्ये जमा करायचे, हेडफोन स्पिरिटने पुसायचे, नाव-जन्मतारीख भरायची, बैठक सुरू करून द्यायची आणि मागे उभं राहायचं. एका मुलाच्या एका चाचणीला आम्ही बैठक म्हणतो. शेजारच्याच्या पडद्यात कोणी डोकावतंय का, कोणी कंटाळून भराभर बटणं दाबतंय का, ते मी बघते. खुर्चीवर बसलेल्याने बैठक संपेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, हा नियम. तो भिंतीवरही लावलाय.

"तुझी मी मुलाखतच घेतली नाही," मॅडम अजून सांगतात. "दारातून आत आलीस आणि बसायच्या आधी खिडकीची कडी लागलीय का ते बघितलंस. म्हटलं, बास. हीच हवी."

मला बघत राहायची सवय आहे, हे खरं. आई झाल्यापासून जास्तच. मुंगी जन्मली तेव्हा पहिले तीन महिने मी तिचा श्वास मोजत बसायचे. मुंगी हे आमच्या मुलीचं घरातलं नाव. चालायला लागली तेव्हा ती भिंतीच्या कडेकडेने, बोट टेकवत, एका रेषेत जायची. आता ती सात वर्षांची आहे आणि अजूनही घरात नवी माणसं आली की भिंतीकडेनेच आत येते.

तर रोज सकाळी पहिलं मूल यायच्या आधी एक खोटी बैठक करायची असते. माउस चालतोय का, घड्याळ धावतंय का, हेडफोनमधली बाई नीट ऐकू येतेय का, हे बघायला. त्यासाठी एक चाचणी उमेदवार तयार करून ठेवायचा. मी कामाला लागले त्या पहिल्या सकाळी मॅडम म्हणाल्या, "काहीही नाव टाक गं." माझ्या डोक्यात तेव्हा एकच नाव होतं, कारण मुंगीला पहिल्यांदाच दिवसभर शाळेत सोडून आले होते. नाव: मुंगी. मग जन्मतारीख. बोटांनी आपसूक तिची टाकली. पडदा लाल झाला. उमेदवार तेरा वर्षांखालचा चालत नाही. मुंगी तेव्हा पाच वर्षांची. मी वर्ष दहाने मागे नेलं. पडदा हिरवा झाला.

अशी आमच्या यादीत एक पंधरा वर्षांची मुंगी आली. दोन वर्षं रोज सकाळी मी तिच्या जागी बसत होते. मॅडमना वाटायचं मी कशीही बटणं दाबते. मी तसं करत नव्हते. 'मी चुकले तर घरी सांगू शकते.' नेहमी. 'मी घरच्यांपासून गोष्टी लपवते.' कधीच नाही. 'मला मैत्रिणी आहेत.' नेहमी. लोक सकाळी देवापुढे हात जोडतात, तशी ती माझी दहा मिनिटं होती.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नवं सॉफ्टवेअर आलं. ते बसवायला आलेला तंत्रज्ञ सतत च्युइंगम चघळणारा, पण कामाचा पक्का. म्हणाला, "आधीचं यंत्र विसरायचं. हे विसरत नाही. तेच मूल दुसऱ्यांदा आलं, की मागचं धरून पुढचं विचारतं. आणि हे बघा, प्रत्येक उत्तराला किती सेकंद लागले तेही दाखवतं."

"म्हणजे मुलं आता खोटं बोलू शकणार नाहीत," मॅडम खूश होऊन म्हणाल्या.

"बोलतील हो. फक्त किती वेळ विचार करून बोलली ते कळेल."

आठवड्याभराने मी आदल्या दिवसाच्या बैठकांची यादी काढत होते. सहा नावं असायला हवी होती: पाच मुलं आणि सकाळची मुंगी. नावं सात होती. मुंगी, सकाळी नऊ वाजता, संगणक पहिला. मुंगी, दुपारी एक दहा, संगणक पाचवा.

एक ते पावणेदोन आमची जेवणाची सुट्टी. चाचणीच्या खोलीला तेव्हा मी कुलूप लावते, किल्ली माझ्या कमरेला असते, आणि मॅडम आणि मी बाहेरच्या टेबलावर डबे उघडून बसतो. खोलीला दुसरं दार नाही. खिडकीची कडी, सांगायला नकोच, मीच लावते.

तंत्रज्ञाला फोन केला. "घड्याळ पुढेमागे झालं असेल," तो म्हणाला. घड्याळ बरोबर होतं. "मग सकाळचीच बैठक दोनदा नोंदली गेली असेल."

ते बघायला मी दोन्ही बैठका शेजारी शेजारी उघडल्या. उत्तरं वेगळी होती.

'मला एकटीला बसता येईल अशी जागा आहे.' कधीच नाही. दोन सेकंद.

'मी घरच्यांपासून गोष्टी लपवते.' बरेचदा. तीन सेकंद.

'मी चुकले तर घरी सांगू शकते.' क्वचित. या उत्तराला अठ्ठेचाळीस सेकंद लागले होते.

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. मॅडमनी दोनदा हाक मारली. अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे किती, हे मला चांगलं माहीत आहे. मुलांच्या मागे उभी असते तेव्हा एखादं मूल एवढा वेळ थांबलं, तर त्याच्या मानेकडे बघूनच कळतं की आत काहीतरी चाललंय.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बुटांची नाडी सोडत होता.

"अगं, कोणीतरी टाइमपास केला असेल."

"कुलूपबंद खोलीत?"

"मग यंत्राचा घोळ. आणि सतरा वर्षांची मुलगी घरी सगळं सांगते, असं वाटतं तुला? तू सांगायचीस?"

"माझी गोष्ट वेगळी होती."

"मुंगीचीही वेगळीच असेल," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी उभ्या उभ्या घर न्याहाळलं. एकटीला बसायची जागा. मुंगी दोन वर्षांची असताना मी तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती, ती आत अडकेल म्हणून. महिन्यापूर्वी ती जेवणाच्या टेबलाखाली चादर लावून बसायची. ती चादरही मीच काढली, कारण स्वयंपाकघरातून ती दिसायची नाही. त्या संध्याकाळी मी चादर परत बांधली, चारी बाजूंनी, आणि म्हटलं, "हे तुझं." मुंगीने आधी माझ्याकडे बघितलं, मग चादरीकडे, मग भिंतीकडेने जाऊन आत शिरली.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला कुलूप काढलं आणि सरळ पाचव्या संगणकाशी गेले. बैठक होती. एक दहा ते एक छत्तीस. 'मला एकटीला बसता येईल अशी जागा आहे.' कधीकधी.

मी घाबरायला हवं होतं. घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कुठल्या आईला असं मिळतं? आपण आज काय केलं तर दहा वर्षांनी काय होईल, हे दुसऱ्याच दिवशी दुपारी हातात. बाकीच्या बायका बिचाऱ्या अंदाजाने पोरं वाढवतात.

मी वही केली. एका बाजूला आदल्या दिवशी घरी काय झालं, दुसऱ्या बाजूला एक दहाची उत्तरं. मुंगीच्या हातून काचेचा पेला फुटला आणि मी रागावले नाही: चुकल्यावर सांगण्याचे अठ्ठेचाळीस सेकंद एकतीसवर आले. शेजारच्या मुलीशी खेळायला सोडलं: मैत्रिणींचं उत्तर 'क्वचित'वरून 'कधीकधी'वर. मग हाव सुटली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बैठकीनंतर क्षेत्रांच्या रंगीत पट्ट्या दिसतात: वैद्यकीय, तांत्रिक, कला, लेखन, सेवा. मी आकृत्यांचे ठोकळे आणले आणि रोज संध्याकाळी अर्धा तास तिला बसवायला लागले. तांत्रिकची पट्टी बोटभर वाढली. चित्रांचे खडू वरच्या फळीवर ठेवले, बघू काय होतं म्हणून. कलेची पट्टी खाली आली. मी खडू काढून दिले. पट्टी वर आली नाही. मी वहीत नोंद केली.

आमच्याकडे पालक येतात, त्यातले एक वडील एकदा मॅडमना म्हणाले होते, "मुलाचा कल आहे तो ठीक आहे, पण तो जरा सरकवता नाही का येणार?" मॅडम आणि मी त्यावर आठवडाभर हसलो होतो. कोणी काही ढकललं की मॅडम म्हणायच्या, "जरा सरकवतेस का?"

आता मी तेच करत होते, आणि वही पिशवीच्या तळाशी ठेवत होते.

जेवताना मी मुंगीला विचारायचे, "आज नवीन कोणाशी बोलावंसं वाटलं?" आणि ती घास हातात धरून विचार करायची, मग म्हणायची, "क्वचित."

"तुम्ही दोघी साक्षीला उभ्या आहात का?" नवरा म्हणायचा. "मुंगे, भाजी आवडली का?"

"कधीकधी," मुंगी म्हणायची. तो हसायचा. मीही हसायचे. मुंगी हसायची नाही. आमच्याकडे बघून, हे उत्तर बरोबर होतं का, ते ताडायची.

शाळेतल्या बाईंचा फोन आला तो एका बुधवारी. त्यांनी मला भेटायला बोलावलं. लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन मी बसले आणि त्या समोर उभ्या राहिल्या.

"तक्रार नाही हो काही," त्या म्हणाल्या. "उलट फार शहाणी आहे. पण वर्गात काही विचारलं की थांबते. पूर्वी पटकन बोलायची. आता विचारते, 'बाई, किती सेकंद राहिले?' बाकीची मुलं हसतात. आणि सुट्टीत खेळत नाही."

"मग काय करते?"

"पायऱ्यांवर बसते. तिसरी पायरी, नळापाशी. ताठ, हात मांडीवर. उजव्या हाताचं हे बोट असं आपटत राहते." बाईंनी करून दाखवलं. माउसचं डावं बटण दाबतात तसं, एक टिचकी, मग थांबायचं, मग परत एक टिचकी. "आणि ओठ हलतात. मी जवळ गेले तर थांबत नाही. जणू मी तिथे नाहीच. तुम्ही घरी पाढे वगैरे फार घेता का?"

"सुट्टी कधी असते?" मी विचारलं. मला माहीत होतं. वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं आहे. मला ते दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं होतं.

"मधली ना? एक दहा ते एक चाळीस."

घरी येताना मी मुंगीचा हात धरला होता. तिचं बोट माझ्या तळव्यात हलत होतं. घरी पोचल्यावर टेबलाखालच्या चादरीच्या खोलीत मी कशीबशी शिरले, मान वाकवून बसले, आणि आवाज होईल तेवढा साधा ठेवून विचारलं, "सुट्टीत काय करतेस गं मुंगे?"

"ताईला सांगते."

"कोण ताई?"

"ती विचारते ना, ती. मोठी आहे. तिला आठवत नाही म्हणून मला विचारते."

"काय आठवत नाही?"

"तिला काय आवडायचं ते." मुंगी ठोकळे रंगांप्रमाणे लावत होती. मी तसं सांगितलं नव्हतं. "तिला उत्तर द्यायचं असतं आणि आठवत नाही. मग ती माझ्याकडे येते."

"आणि तू सांगतेस?"

"आधी सांगायचे. आता मला पण नीट आठवत नाही. मग मी तू वहीत लिहितेस ना, ते सांगते."

चादरीतून संध्याकाळचा पिवळा उजेड आत येत होता. मुंगीच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. आज डबा संपला नाही हे सांगते, तसं तिने सांगितलं.

"ताई तुला भीती दाखवते का?"

"नाही. ती चांगली आहे. तीच घाबरते. तू मागे उभी असतेस म्हणून."

"मी? कुठे?"

"तिच्या मागे. तिला वळून बघायचं नसतं ना. मला पण नसतं."

बाहेर आले तेव्हा माझ्या गुडघ्यांवर टेबलाखालच्या फरशीच्या खुणा उठल्या होत्या आणि त्या जाईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला नाही. मॅडमना फोन आला होता, त्या गच्चीवर गेल्या. मी चाचणीच्या खोलीच्या काचेशी उभी राहिले. आत पाच खुर्च्या, पाच काळे पडदे, मधे आणि समोर प्लायवूडचे आडोसे, हेडफोन खिळ्यांना टांगलेले. दुपारचं ऊन अर्ध्या खोलीत. एक वाजून नऊ मिनिटं.

एक दहाला पाचवा पडदा उजळला. खुर्ची वीतभर मागे सरकली, आणि मग पुढे. मुलं बसताना सरकते तशी. हेडफोन जागचे हलले नाहीत. पडद्यावरचा बाण मात्र कडेकडेने, चौकटीच्या रेषेला धरून, सरळ खाली गेला आणि 'सुरू करा'वर थांबला.

भिंतीच्या कडेने चालतात तसा.

मी कुलूप काढून आत गेले. मला तिला बघायचं होतं, एवढंच. पण पाय कुठे गेले? जिथे रोज जातात तिथे. खुर्चीमागे, दोन पावलांवर, हात मागे बांधून. मी जागेवर उभी राहिले तशी बाणाची चाल बदलली. तो हळू झाला. पडद्यावर प्रश्न होता: 'काम करताना कोणी मागे उभं असलं की मला सुचत नाही.'

बाण 'नेहमी'वर गेला. थांबला. मी मोजत होते, मोजायचं थांबवता येत नव्हतं. दहा, अकरा, बारा. मग बाण 'नेहमी'वरून निघाला, सगळी ओळ ओलांडून पलीकडच्या टोकाला गेला आणि त्याने 'कधीच नाही' दाबलं.

हे मी शेकडो मुलांना करताना बघितलंय. कधी कधी पालक हट्टाने आत येतात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात, वाकतात, आणि मूल खऱ्या उत्तरावर गेलेला बाण तिथून काढून त्यांना हव्या असलेल्या उत्तरावर नेतं. अशा वेळी मी पालकांना काय सांगते? "आपण जरा बाहेर बसता का? तुमच्यासमोर ते खरं उत्तर देणार नाही." रोजचं वाक्य आहे माझं. नम्रपणे, हसून म्हणते मी ते.

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. काचेकडे पाठ करून उभी राहिले आणि मॅडम गच्चीवरून येईपर्यंत एकदाही वळले नाही. तेवढं वळणं टाळायला मला किती जोर लावावा लागला, ते माझं मलाच माहीत.

"जेवली नाहीस?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एखादा उमेदवार कायमचा काढून टाकायचा असेल तर?"

"कोणता?"

"आपला चाचणी उमेदवार. त्याच्यात घोळ झालाय. फार बैठका झाल्यात."

"काढता येतो की. पण आधी अंतिम अहवाल छापून घ्यावा लागतो, त्याशिवाय नाव पुसलं जात नाही. आता खोट्या मुलीचा अहवाल छापायचा, कागद वाया." त्यांनी डबा हातात घेतला. "बरं, वाचून तरी बघू. काय निघतंय तिचं."

"नको," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण त्यांनी डबा खाली ठेवला.

"अगं, गंमत म्हणून म्हटलं."

दोन वाजता मुलं यायच्या आधी मी मुंगीचं नाव उघडलं आणि 'अंतिम अहवाल' दाबलं. आमचं छपाईयंत्र जुनं आहे, त्यातून कागद पालथे पडतात. एरवी अहवाल चार पानांचा असतो. एक पान पडलं, दुसरं, तिसरं, चौथं. यंत्र थांबलं नाही. मी मोजत गेले. अकरा पानं.

अकरा पानांत तिचं सगळं होतं. कशात रमेल, कशात खचेल, कोणाशी जमेल, कोणावर रागवेल. मुंगीच्या जन्मापासून मला जे जे जाणून घ्यायचं होतं, ते माझ्या हातात होतं, कोमट, पालथं. वरच्या पानातून खिडकीच्या उजेडात पट्ट्या उलट्या दिसत होत्या. एक पट्टी बाकीच्यांपेक्षा खूप लांब होती. पान फक्त उलटायचं होतं.

कागद कातरायचं यंत्र मॅडमच्या टेबलाखाली असतं. पालकांनी न नेलेले अहवाल आम्ही त्यात घालतो. मी डोळे मिटून तिथवर गेले, नऊ पावलं आहेत, आणि पानं तशीच पालथी एकेक करून आत सोडली. शेवटच्या पानाला यंत्र जरा अडखळलं. मग पडद्यावर विचारणा आली: उमेदवार काढून टाकायचा? मी 'हो' दाबलं. यादीत मुलांची नावं सरकून वर आली आणि मुंगीची जागा भरून गेली.

वही मी घरी जाताना रस्त्यातल्या कचरापेटीत फाडून टाकली.

शाळेच्या फाटकाशी मुंगी आली, दप्तर दिलं, चालायला लागली. अर्ध्या वाटेवर थांबली.

"आई, तू विचारलंच नाहीस."

"काय?"

"काहीच."

"नाही विचारलं," मी म्हणाले. ती वाट बघत राहिली. मी जीभ दातांखाली धरली. कोपरा येईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, आणि नंतर बघायचं विसरली, कारण समोरून एक लंगडं कुत्रं चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात ती गुडघा खरचटून आली. रक्त वाळलेलं, त्यावर माती. "पळत होते," एवढंच म्हणाली. कोणाबरोबर, का, कोणी ढकललं का, बाईंनी औषध लावलं का, हे सगळे प्रश्न माझ्या घशाशी आले. मी गुडघा धुतला. तीच मग म्हणाली, "कोणी बघितलं नाही मला," आणि हे तिने अशा खुशीत सांगितलं की मी तोंड फिरवून कापूस शोधायला लागले.

"ताई?" शेवटी मी एवढंच विचारलं.

मुंगी विचारात पडली. सेकंद मी मोजले नाहीत. "तिला आता आठवतंय वाटतं," ती म्हणाली. "येत नाही."

हे इथे संपलं असतं तरी चाललं असतं.

पण यंत्रं तपासायला खोटी बैठक लागतेच. काही दिवस मी टाळलं. मग एकदा भर बैठकीत एका मुलाचा माउस बंद पडला, त्याच्या वडिलांनी आवाज चढवला, आणि मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी नवा उमेदवार तयार कर बघू. काहीही नाव टाक."

सकाळी नऊला मी खोली उघडली, खिडकीची कडी बघितली, पहिल्या खुर्चीत बसले. नाव. मी 'आई' असं लिहिलं. जन्मतारीख. बोटं सवयीने एका तारखेकडे निघाली होती, ती मी अडवली आणि माझी स्वतःची तारीख टाकली, वर्ष न सरकवता. पडदा हिरवा झाला. हेडफोनमधली बाई म्हणाली, 'मनात येईल ते पहिलं उत्तर द्या.'

पहिलाच प्रश्न तोच होता. 'काम करताना कोणी मागे उभं असलं की मला सुचत नाही.'

खोलीत मी एकटी होते. खिडकीतून ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि समोरच्या प्लायवूडच्या आडोशावर माझी सावली पडली होती, डोकं आणि खांदे. तिच्या शेजारी, जरा मागे, दुसरी सावली होती. हात मागे बांधलेले. खांद्यावर दप्तराचा पट्टा.

खुर्चीवर बसलेल्याने मागे वळायचं नाही. मी वळले नाही. मी बाण 'कधीच नाही'कडे नेत होते, तिला वाईट वाटू नये म्हणून. अर्ध्या वाटेत तो थांबवला, परत आणला आणि 'नेहमी' दाबलं.

सावली एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. दार वाजलं नाही. ऊन आडोशाभर सारखं पसरलं.

मी उरलेल्या एकशे एकोणपन्नास प्रश्नांची उत्तरं दिली, सगळी खरी, आणि पहिलं मूल आलं तेव्हा त्याचा मोबाइल ट्रेमध्ये ठेवून घेतला. तिचं पुढचं मला काहीही माहीत नाही. एकच गोष्ट कळली, तीही मी बघितली म्हणून नाही, तिची सावली तिथे पडली म्हणून. मी बसलेली होते हे धरूनही सांगते, ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होणार आहे.